एका बोटीत मामा-भाचे

काउंटरवरच्या मुलीने चंद्रहासला काट्यावर उभं राहायला सांगितलं. बॅगेसकट. लहान विमानात माणसांनाही सामानासारखं तोलतात, कारण कोण कुठे बसणार हे वजनावरून ठरतं. तो उभा राहिला. आकडा मुलीच्या बाजूला होता, त्याला दिसत नव्हता.

"स्वीट अ‍ॅज," ती म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत 'झकास', आणि त्याला पायलटच्या मागची जागा मिळाली.

आपलं वजन किती भरलं हे त्याने विचारलं नाही.

ऑकलंडहून ग्रेट बॅरिअर बेटावर जायला विमानाने अर्धा तास लागतो. पायलटच्या मानेवर उन्हाने पडलेल्या रेघा दिसतात इतकं ते विमान लहान. खाली समुद्र होता आणि समुद्रात ताटाबाहेर सांडलेल्या शितांसारखी छोटी बेटं. ते सुंदर आहे हे चंद्रहासला कळलं. रस्त्याने जाताना दुकानाच्या पाटीवरचं नाव कळावं, तसं. त्याने खिडकीतून नजर काढून घेतली आणि भाच्याला काय म्हणायचं याचा विचार केला. काही सुचलं नाही.

आदल्या दिवशी दुपारी ऑफिसात असताना फोन आला होता. ग्लेनिस नावाची बाई. अभिनव जिच्या आवारातल्या खोलीत भाड्याने राहत होता, ती. अभिनवने नोकरीला लागताना अडीअडचणीला कळवायचा नंबर म्हणून मामाचा नंबर दिला होता.

"तो आजारी नाहीये," ग्लेनिस म्हणाली. "ताप नाही, काही नाही. तो नुसता थांबलाय."

"थांबलाय म्हणजे?"

"कामावर जात नाही. खोलीतून निघत नाही. मी सूप ठेवते, तर ते निम्मं संपतं. क्लिनिकची नर्स येऊन गेली. ती म्हणते, याला त्याच्या माणसांत न्या. तुम्ही त्याची माणसं ना?"

चंद्रहास हो म्हणाला.

चंद्रहास सत्तावन्न वर्षांचा. पुण्यात इन्स्ट्रुमेंटेशनचा इंजिनीअर होता, इथेही तेच. शहराच्या पाण्याच्या मोठ्या पाइपांवर प्रवाह मोजणारी यंत्रं बसवलेली असतात, ती तपासायची, साफ करायची, पुन्हा बसवायची. कधी कधी पाणी धो धो वाहत असतं आणि यंत्र शून्य दाखवतं. मग त्याला बोलावतात. माउंट रॉस्किलला एका घराच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांत तो राहतो. समोरच्या डेअरीत, म्हणजे छोट्या किराणा दुकानात, जाऊन दूध आणि पाव आणतो. त्या डेअरीचा मालक सुरतेकडचा आहे, तो रोज "केम छो" म्हणतो आणि चंद्रहास रोज "मजामां" म्हणतो. दोघांनाही त्यापलीकडे काही नको असतं.

त्याची बायको सुचित्रा तिच्या आईच्या आजारपणात पुण्याला गेली, आणि आई गेल्यावरही तिथेच राहिली. भांडण असं झालं नाही. त्यामुळे ते कधी मिटलंही नाही. दिवाळीला तिचा मेसेज येतो, हा उत्तर देतो. तिचे हिवाळी बूट अजून दाराशी आहेत. ते ठेवायचेत की टाकायचेत हे ठरवण्याइतकं त्याला त्यांच्याबद्दल काही वाटत नाही.

अभिनव हा त्याच्या थोरल्या बहिणीचा, शुभाताईचा एकुलता मुलगा. पामर्स्टन नॉर्थला शिकायला आला, तेव्हा ताईने फोनवर सांगितलं होतं, "तू आहेस म्हणून पाठवतेय हं." पामर्स्टन नॉर्थ ऑकलंडपासून सहा-सात तासांवर आहे. चंद्रहास तिथे एकदा गेला. पोराला जेवायला घातलं, एक जाड जॅकेट घेऊन दिलं आणि परत आला. पुढे शिक्षण संपलं आणि अभिनवला या बेटावर नोकरी लागली. बेटावर विजेच्या तारा नाहीत. घरोघरी सोलर पॅनल आणि बॅटऱ्या. त्या बसवायचं आणि दुरुस्त करायचं काम.

फोन आला त्या संध्याकाळी त्याने ताईला कळवलं. ती व्हिडिओवर आली. कर्वेनगरमधलं स्वयंपाकघर, मागे कुकरची शिट्टी.

"माझा फोन उचलत नाही तो दीड महिना झाला," ती म्हणाली. "'बिझी आहे' एवढाच मेसेज. मला वाटलं, असेल बाई बिझी. मी रोज बाकीच्यांना सांगते, बिझी आहे." मग तिने गॅस बंद केला. "कधी जातोस?"

"उद्या. विमानाने."

"आणि येताना?"

"विमानानेच. दोघांची तिकिटं काढलीयत."

"बोट नाही ना?"

"नाही ताई."

"सांगून ठेवते, चंदू. मामा-भाचे एका बोटीत बसायचे नाहीत. विमान चालेल. नाव नको."

"तू तीस वर्षं फिजिक्स शिकवलंस, ताई."

"फिजिक्स शाळेत," ती म्हणाली. "हा माझा मुलगा आहे."

मामा आणि भाच्याने एका नावेतून पाणी ओलांडू नये, एवढंच त्या दोघांनी लहानपणापासून ऐकलेलं होतं. का ओलांडू नये, ओलांडलं तर कोण बुडतं, हे सांगणारं कुणी भेटलं नाही. चंद्रहासचा त्यावर विश्वास नव्हता. पण विश्वास नसलेल्या गोष्टी पाळायला सोप्या असतात, हेही त्याला ठाऊक होतं.

अभिनव सात वर्षांचा असताना सगळे गुहागरला निघाले होते, ताईच्या सासरी. दाभोळला खाडी ओलांडायला फेरीबोट. गाडी बोटीत चढली, माणसं चढली, आणि ताईने चंद्रहासला धक्क्यावरच थांबवलं. "तू पुढच्या फेरीने ये." तिकीट फाडणारा म्हातारा हसला होता. "अहो बाई, मध्ये तिसरा माणूस बसवा, मग चालतं. आमच्याकडे सगळे तसंच करतात." ताई ऐकेना. बोट सुटली. पोरगं कठड्याला धरून ओरडत होतं, "मामा, तू पण! मामा, तू पण!" पलीकडचा काठ समोर दिसत होता. चंद्रहास हात हलवत राहिला. त्याला खरं तर बरं वाटलं होतं. आठवडाभर नातेवाइकांत राहून त्याचं डोकं भणभणलं होतं, आणि त्या धक्क्यावर माशांच्या वासात त्याला पाऊण तास एकट्याला मिळाला होता.

हे त्याला विमानात आठवलं. पण आठवायचं होतं ते दुसरंच, आणि विमान उतरायला लागलं तेव्हा तेही आठवलं.

गेल्या वर्षी अभिनवला बेटावर जायचं होतं, तेव्हा चंद्रहासनेच त्याला गाडीने ऑकलंडच्या धक्क्यावर सोडलं. सामान बरंच होतं, म्हणून बोट. सामान चढवून झाल्यावर पोरगा घुटमळला. "मामा, तूही चल ना. लाँग वीकेंडच आहे. दोन दिवस राहा, घर लावू आणि परत ये." चंद्रहास म्हणाला, "अरे, आपण एका बोटीत कसे जाणार? तुझी आई मला फाडून खाईल." दोघंही हसले. अभिनव जरा उशिरा हसला. मग बोट गेली, आणि चंद्रहास घरी येऊन झोपला. लाँग वीकेंडचे तिन्ही दिवस त्याने काहीही केलं नाही.

*

ग्लेनिस विमानतळावर न्यायला आली होती. विमानतळ म्हणजे एक धावपट्टी आणि एक शेड. ती सत्तरीची, पायांत जँडल्स म्हणतात त्या रबरी चपला, अंगावर लोकरीचा स्वेटर. इथल्या जूनच्या ऐन थंडीत पाय उघडे.

"तुम्ही त्याच्यासारखेच दिसता," ती म्हणाली. गाडीत बसल्यावर तिने पुन्हा एकदा त्याच्याकडे पाहिलं. "चेहरा नाही म्हणत मी. बसता तसेच."

अभिनवची खोली चहाच्या झाडांसारख्या दिसणाऱ्या मानुका नावाच्या झुडपांमागे होती. दार उघडं होतं. तो पलंगावर भिंतीला टेकून बसला होता, मांडीवर काही नाही, हातात काही नाही. दाढी वाढलेली. खोली मात्र अस्ताव्यस्त नव्हती. काही वापरलंच नसलं की खोली नीट राहते.

"मामा," तो म्हणाला. आश्चर्य नव्हतं त्यात.

"हं. आलो."

"आईने पाठवलं?"

"तुझ्या घरमालकिणीने बोलावलं. आईला मी सांगितलं."

"ती रडली?"

"नाही. कुकर लावत होती."

अभिनवने मान हलवली. चंद्रहास एकुलत्या एक खुर्चीवर बसला. काय झालं, असं विचारायला हवं होतं. त्याने विचारून पाहिलं.

"काय झालं काय नक्की?"

"काहीच नाही. तेच सांगता येत नाही ना कुणाला." तो बराच वेळ थांबून बोलत होता, जणू शब्द दुसऱ्या खोलीतून आणावे लागत होते. "एके दिवशी गाडीत बसलो कामाला जायला. किल्ली हातात होती. ती लावायची, एवढंच. नाही लावली. दुपारी ग्लेनिसने काच वाजवली तेव्हा कळलं की दुपार झालीय."

किल्ली हातात धरून बसणं म्हणजे काय हे चंद्रहासला माहीत होतं. फक्त तो रोज ती लावत आला होता.

"ताईने लाडू पाठवले असते," तो शेवटी म्हणाला, "पण वेळ नव्हता. मी बिस्किटं आणलीयत."

"डेअरीतली?"

"डेअरीतली."

त्यांनी बिस्किटं खाल्ली. अभिनवने तीन खाल्ली. चंद्रहासने मोजली नव्हती, पण लक्षात राहिली.

तो खाली स्लीपिंग बॅगमध्ये झोपला. सकाळी जाग आली तेव्हा अभिनव कपडे करून बसला होता. पायांत बूट, शेजारी एक बॅग.

"मामा, मी येतो," तो म्हणाला. "आज येतो. उद्याचं मला विचारू नकोस. आज पाय निघतायत."

*

धावपट्टी ढगाखाली गेली होती. शेडमधल्या मुलाने फळ्यावर लिहिलं होतं ते खोडून पुन्हा लिहिलं. वारा अजिबात नव्हता, समुद्र शांत होता, पण ढग इतका खाली उतरला होता की पलीकडच्या टेकडीचा फक्त पायथा शिल्लक राहिला होता.

"आज काही उडणार नाही, मेट," तो म्हणाला. "उद्या सकाळी पहिल्या विमानात तुम्हा दोघांना घालतो. पक्कं."

चंद्रहासने वळून पाहिलं. अभिनव बाहेर बाकावर बसला होता, बॅगेचा पट्टा हाताला गुंडाळून. उद्याचं मला विचारू नकोस.

"दुपारची बोट आहे की," ग्लेनिस म्हणाली. "ट्रायफीनाच्या धक्क्यावरून. ढगाचं बोटीला काय. मी सोडते तुम्हाला."

चंद्रहासने तिला इंग्रजीत सांगितलं. मामा, भाचा, एक नाव. तिसऱ्या माणसाला सांगताना ते किती लहान वाटतं हे त्याच्या लक्षात आलं.

ग्लेनिसने विचार केला. "मग सोपं आहे. त्याला बोटीत बसवून द्या. तुम्ही उद्या विमानाने या. उतरवून घ्यायला कुणी मित्र असेलच."

हे खरोखर सोपं होतं. ताईचं म्हणणं राहिलं असतं, आणि अभिनव आजच निघाला असता. त्याने ऑफिसातल्या कुणाला तरी सांगून पोराला धक्क्यावर उतरवून घेतलं असतं. ग्लेनिसच्या घरी त्याला रात्रभर एकटं राहायला मिळालं असतं. नियमात आणि वेळापत्रकात, दोन्हींत बसणारी गोष्ट.

ताईला विचारता आलं असतं. पुण्यात मध्यरात्र उलटून गेली होती, पण ती जागीच असणार. त्याने फोन खिशातून काढला आणि पुन्हा ठेवला. ती काय म्हणेल ते त्याला माहीत होतं, आणि एकदा ऐकलं की मग ते पाळावं लागलं असतं.

बाकावरून अभिनवने विचारलं, "काय ठरलं?"

"बोट."

"मी?"

"दोघं."

अभिनवने त्याच्याकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदाच नीट पाहिलं असेल. मग उठला, बॅग खांद्याला लावली आणि ग्लेनिसच्या गाडीत जाऊन बसला.

*

बोट मोठी होती. खाली गाड्या, वर बसायची जागा. प्रवास चार-साडेचार तासांचा. ओळीने तीन-तीन खुर्च्या. अभिनव खिडकीशी बसला. चंद्रहास उभाच राहिला.

विश्वास नाही म्हणून चालत नव्हतं. त्याचे हात गार पडले होते. बऱ्याच दिवसांत त्याचं काहीच गार किंवा गरम पडलं नव्हतं, म्हणून त्याने ते हात जरा वेळ नुसते पाहिले. त्याला दाभोळचा तिकीट फाडणारा म्हातारा आठवला. मध्ये तिसरा माणूस बसवा.

मागून एक माओरी बाई येत होती. साठीची, रुंद खांद्यांची, दोन्ही हातांनी एक मोठी चिलीबिन, बर्फाची पेटी, उचलून. झाकणाखालून बर्फाचं पाणी गळत होतं आणि ओल्या शिंपल्यांचा वास येत होता.

"किआ ओरा," चंद्रहास म्हणाला. "एक विनंती होती. तुम्ही इथे बसाल का? मधल्या खुर्चीवर?"

तिने रिकाम्या लाउंजकडे पाहिलं. जागाच जागा होत्या.

"का? खिडकीवाला चावतो?"

"नाही. तो माझा भाचा आहे. माझ्या बहिणीचा मुलगा. आमच्यात मामा-भाच्याने एका बोटीत बसायचं नसतं. मध्ये कुणी असलं तर चालतं."

खिडकीकडून आवाज आला, "मामा! तू खरंच विचारतोयस?"

बाईने चिलीबिन खाली ठेवली. "आणि बसले तर मला काय होतं?"

"तुम्हाला काही होत नाही."

"बरं. आणि मला झोप लागली तर? तरी धरलं जातं का?"

चंद्रहास विचारात पडला. "धरलं जात असावं."

"आमच्याकडेही असतात अशा हीप्स ऑफ गोष्टी," ती म्हणाली आणि मधल्या खुर्चीत बसली. खुर्ची तिला कमी पडली. चंद्रहास तिच्या शेजारी कडेला बसला. "माझी आजी उशीवर कधी कुणाला बसू द्यायची नाही. डोकं ठेवायच्या जागी बूड ठेवायचं नाही. सत्तर वर्षांच्या माणसालाही हाकलायची. मी नातवंडांकडे चाललेय, ओटाराला. हे शिंपले त्यांच्यासाठी. तू काय करतोस?" हे तिने अभिनवला विचारलं.

"सोलर," तो म्हणाला. "करायचो."

"पुढच्या खाडीवर माझ्या भावाकडे तूच आला होतास का? बारीक पोरगा, शिडीवर गाणं म्हणत होता म्हणे."

"असेन."

"भाऊ म्हणाला, गातो वाईट पण बॅटरी उत्तम चालते."

अभिनव खिडकीबाहेर पाहू लागला. काचेत त्याचा चेहरा दिसत होता. चंद्रहासला तो शिडीवर गाणं म्हणतो हे माहीत नव्हतं. पामर्स्टन नॉर्थला, जॅकेट घेताना, त्याने विचारलं होतं ते फक्त मापाचं.

बोट सुटली. बेट ढगात होतं, त्यामुळे ते मागे राहताना दिसलं नाही. होतं आणि मग नव्हतं. बाईला लगेच झोप लागली. तिचं डोकं हळूहळू कलत चंद्रहासच्या खांद्यावर आलं. जड होतं. त्याने खांदा हलवला नाही. किती दिवसांनी त्याच्या अंगावर कुणाचं तरी वजन होतं, आणि ते नेमकं या अनोळखी बाईचं होतं, याचं त्याला हसू यायला हवं होतं. तासभर तो तसाच बसला. त्या पलीकडे, तिच्या पोटावर जोडलेल्या हातांच्याही पलीकडे, भाच्याचा गुडघा दिसत होता. त्या गुडघ्यावर त्याने नजर ठेवली.

खुल्या समुद्रात आल्यावर बोट डुलायला लागली. मोठ्या लाटा नव्हत्या, लांबून येणारी संथ उचल होती. बाई जागी झाली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "मला टॉयलेटला जावं लागेल. चालेल का तुमच्या नियमात?"

"लवकर या," चंद्रहास म्हणाला. तो विनोद करत नव्हता.

ती गेली. मधली खुर्ची रिकामी झाली. बोट एका बाजूला कलली आणि सावकाश सावरली. चंद्रहास उठून उभा राहिला. पुढच्या खुर्चीची पाठ त्याने दोन्ही हातांनी धरली. खिडकीबाहेर पाणी राखाडी होतं, ढगही राखाडी, मधली रेघ पुसलेली. बाहेर डेकवर जाणारं दार अभिनवच्या मागे चार पावलांवर होतं, आणि त्याला कडी नव्हती. ते दार त्याने बोटीत चढल्या चढल्याच पाहिलं होतं, नियम आठवायच्याही आधी.

"मामा, बस ना."

"बसतो."

"उभा का आहेस?"

"असाच."

अभिनवने त्याच्या हातांकडे पाहिलं. खुर्चीच्या कापडात रुतलेल्या बोटांकडे. मग मागे वळून त्या दाराकडे पाहिलं. मग पुन्हा मामाकडे.

"मामा," तो म्हणाला, हळू, लहान मुलाला सांगावं तसं. "मी कुठे जात नाहीये. बस खाली."

चंद्रहासने खुर्चीची पाठ सोडली आणि तो बसला. बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण मधल्या खुर्चीवर बसलो आहोत. कापड त्या बाईच्या अंगाने अजून गरम होतं. अभिनवचा खांदा त्याच्या खांद्याला लागत होता. बोट पुन्हा कलली, आणि दोघं एकाच बाजूला कलले, आणि दोघं परत आले. दुसरं काही झालं नाही.

बाई आली. तिने पाहिलं आणि ती कडेच्या खुर्चीवर बसली.

"मी आता टोकाला. धरलं जाईल?"

"जाईल," अभिनव म्हणाला.

तिने चिलीबिनमधून कापडात गुंडाळलेला पाव काढला, तिघांत तोडला. चंद्रहासला वाटलं, आता पोराला सांगावं की गेल्या वर्षी धक्क्यावर मी तुझ्या आईचं नाव सांगून येणं टाळलं होतं. पण अभिनवने डोळे मिटले होते, आणि ते त्याला कदाचित तेव्हाच कळलं होतं.

ऑकलंडचे दिवे लागले तेव्हा सहा वाजून गेले होते. आधी तो उंच मनोरा, मग पूल, मग धक्का. बाईने चिलीबिन उचलली. "बहिणीला सांगा, मी सांभाळून आणलं," असं म्हणून ती उताराने गाड्यांच्या गर्दीत निघून गेली.

तिचं नाव विचारायचं राहिलं.

धक्क्यावर उभं असतानाच फोन वाजला. ताई. पुण्यात भर दुपार. चंद्रहासने फोनकडे पाहिलं. सकाळपासून त्याने काही कळवलेलं नव्हतं, आणि आता खरं सांगावं लागणार होतं. त्याने फोन उचलला.

"चंदू? पोचलात? विमान किती वाजता उतरलं? मी इकडे मेलेय काळजीने. कसा आहे तो? कशाने आलात?"

चंद्रहासने तोंड उघडलं. अभिनवने हात पुढे केला, आणि तो फोन मागतोय हे कळायला चंद्रहासला थोडा वेळ लागला.

"आई," अभिनव म्हणाला.

पलीकडे काहीच आवाज नाही. कुकरही नाही.

"आई, मी आहे. हो. हो, मीच." त्याने घसा साफ केला. "नाही, ढग होता. एकाच माणसाला जागा मिळाली. मामा विमानाने आला. मी बोटीने. आत्ता उतरतोय. तो घ्यायला आलाय ना मला. हा काय, समोर उभा आहे."

चंद्रहास समोर उभा होता.

"हो. वेगवेगळे. आई, वेगवेगळेच आलो, शपथ. रडू नकोस ना." तो पाठ वळवून दोन पावलं पाण्याकडे गेला, थांबला, आणि परत आला. "खाल्लं. पाव. नाही, फक्त पाव नाही… शिंपले नाही खाल्ले गं. हो, मामाकडेच राहतो. नाही माहीत किती दिवस. आई, नाही माहीत."

मग तो बराच वेळ ऐकत राहिला. तिकडून ती काय काय सांगत होती कोण जाणे. तो अधूनमधून "हं" म्हणत होता. वारा सुटला होता, आणि चंद्रहासने पाहिलं की पोराने पातळ शर्टच घातलाय. ते जाड जॅकेट बॅगेतून बाहेर डोकावत होतं, लेबल अजून बाहीला. त्याने ते ओढून काढलं आणि बोलत असलेल्या भाच्याच्या खांद्यांवर टाकलं. अभिनवने एक हात बाहीत घातला, मग फोन दुसऱ्या कानाला लावून दुसरा.

"देतो," तो म्हणाला, आणि फोन परत केला.

"चंदू," ताईचा आवाज ओला होता. "ऐकलंस माझं. बरं झालं."

"हो ताई."

"विमान फार हललं का रे?"

चंद्रहासने अभिनवकडे पाहिलं. तो लेबल दातांनी तोडायचा प्रयत्न करत होता.

"नाही," चंद्रहास म्हणाला. "थोडं कललं. मग सरळ झालं."